बाईंचं खरं वय

जून लागला की निवृत्तिवेतनाचं काम बघणाऱ्या आमच्या टेबलावर दोन ढीग येतात. एक ३१ मेला निवृत्त झालेल्या शिक्षकांचा आणि दुसरा वयाचा टप्पा गाठलेल्या जुन्या निवृत्तांचा. दोन्हींचं मूळ एकच, १ जून. पूर्वी पोराला शाळेत घालताना आईला त्याचा जन्म सणावारावरून आठवायचा. मास्तर चालू सालातून सहा वजा करून पुढे १ जून ठोकायचे. त्या एका तारखेने माणसाचं किती जातं ते बाहेरच्यांना कळत नाही. ज्या महिन्यात निवृत्तीचं वय पूर्ण होतं त्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, हा नियम. पण जन्म एक तारखेचा असला तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे २ जूनवाला ३० जूनपर्यंत नोकरीत आणि १ जूनवाला ३१ मेलाच घरी. एका दिवसापायी अख्खा पगार जातो.

दुसऱ्या ढिगातलं काम सरळ असतं. मूळ निवृत्तिवेतनावर ऐंशीला २० टक्के, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरीला १०० टक्के वाढ. वय सेवापुस्तकातलं, म्हणजे नोकरीच्या सगळ्या नोंदी असलेल्या सरकारी पुस्तकातलं, धरायचं आणि ते पूर्ण होतं त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून वाढ लावायची. इथे तक्रारी येतात त्या वाढ उशिरा लागल्याच्या. वय वाढवून मागायला प्रतिज्ञापत्रं घेऊन येणारेही मी पाहिलेत, आणि त्यांत शिकले-सवरलेले जास्त.

म्हणून २०२४ च्या मे अखेरीला एका निवृत्त शिक्षिका बाईंचा आलेला तो अर्ज मी दोनदा वाचला. रेघी कागद, शाईचं पेन, एकही खाडाखोड नाही. ‘विषय : वयाच्या ९० वर्षांची वाढ न देणेबाबत.’ खाली लिहिलं होतं, ‘कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे मला १ जून रोजी ९० वर्षे पूर्ण होतात. प्रत्यक्षात माझे वय तेव्हा ८७ वर्षे १० महिने राहील. सबब ही वाढ मला देय नाही.’ सोबत गाव नमुना १४ ची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल, मोडीतली, आणि तिचं देवनागरी लिप्यंतर.

नक्कल कुठून आली ते लगेच कळलं. २०२३ च्या शेवटी कुणबी नोंदींसाठी गावोगावची जन्म-मृत्यूची दप्तरं उघडली, तेव्हा बाईंच्या पुतण्याला ती सापडली होती. पण नमुना १४ वाचायचा तर डोळ्यांत तेल घालून वाचावा लागतो. त्यात बाळाचं नाव नसतंच, बापाचं नाव आणि ‘मुलगी’ एवढंच. तारीखही कधी जन्माची असते, तर कधी नोंद सांगायला माणूस गेला त्या दिवसाची. त्यामुळे एका बापाच्या सगळ्या नोंदी लावून बघायच्या आणि भावंडांच्या शाळेच्या दाखल्यांशी जुळवायच्या. इथे त्या बापाच्या नावावर १९३६ मुलगी, १९३९ मुलगा, १९४१ मुलगी आणि पुढे आणखी दोघं होती. बाई सगळ्यांत थोरल्या. पहिल्या नोंदीची तारीख २२ जुलै १९३६, बुधवार. अर्जात शेवटी एक ओळ होती : ‘आई सांगत असे, नागपंचमीच्या आदल्या दिवशी.’ जुनं पंचांग काढून पाहिलं. त्या साली नागपंचमी २३ जुलैची.

मग रेकॉर्ड रूममधून सेवापुस्तक काढलं. कापडी पुठ्ठा, वाळवीने कोपरा खाल्लेला, पहिल्या पानावर शिक्का ‘जिल्हा स्कूल बोर्ड, उत्तर सातारा’. जिल्हा परिषद आली १९६२ ला, त्याच्या दहा वर्षं आधीचा कागद. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, १ जून १९३४. शैक्षणिक पात्रता व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवीची परीक्षा. नेमणूक जून १९५२. खाली डाव्या हाताच्या पाच बोटांचे ठसे, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, आणि त्याच्या वर उंची : ४ फूट ९ इंच.

इतक्या वर्षांत मी शेकडो सेवापुस्तकं चाळलीत. उंचीचा रकाना कोणी वाचत नाही. मी तरी कधी वाचला होता? पण निवृत्तीच्या प्रकरणात वर्णनपट असतो, ठसे, ओळखीच्या खुणा आणि उंची पुन्हा भरावी लागते. १९९२ च्या त्या वर्णनपटात उंची होती ४ फूट ११ इंच. नेमणुकीनंतर ती मुलगी दोन इंच वाढली होती. अठरा भरलेल्या बाईची उंची अशी वाढत नाही. सरकारी पुस्तकाने स्वतःच्याच पहिल्या पानावर तारखेविरुद्ध साक्ष दिली होती आणि चाळीस वर्षांत एकाही पडताळणीवाल्याला ती दिसली नाही. प्रत्येकाने ‘पडताळले’ लिहून सही मात्र केली.

कागद पूर्ण करायला मी गावी गेले. सेवापुस्तक बाहेर नेता येत नाही, पहिल्या पानाची झेरॉक्स नेली. माणदेशातलं उन्हाने भाजलेलं गाव. ओसरीवर बाई बसलेल्या, समोर पणतू पाटीवर बे एके गिरवत होता. थोरले चिरंजीव स्वतः निवृत्त मुख्याध्यापक, पण खुर्चीवर बसले ते आईने बस म्हटल्यावर. या घरात पैसा, लग्नं, जमिनीचे वाद, सगळं बाईंच्या पुढ्यातून जातं. पाठच्या चार भावंडांना त्यांनी पगारावर शिकवलं. पुढे स्वतःची तीन मुलं, दिराची दोन.

‘‘बस पोरी,’’ बाई म्हणाल्या आणि झेरॉक्स डोळ्यांजवळ धरली. ठशांवरून बोट फिरवलं. ‘‘शाई चार दिवस निघाली नाही. भाकरी थापायला लाज वाटायची.’’

वडील गेले तेव्हा त्या पंधराच्या होत्या. नोकरीला अठरा पूर्ण लागत. मामाने मास्तरांना सांगितलं, मास्तरांनी दाखल्यावर दोन वर्षं वाढवली. चिरंजीव मध्येच म्हणाले, ‘‘आई, त्या दोन वर्षांपायी तू लवकर निवृत्त झालीस. आता सरकार देतंय तर घे की.’’

मलाही तेच म्हणायचं होतं. मी हिशेब करूनच गेले होते. खऱ्या तारखेने त्या ३१ जुलै १९९४ ला निवृत्त झाल्या असत्या, झाल्या ३१ मे १९९२ ला. २६ महिन्यांचा पगार गेला. शिवाय त्या काळी निवृत्तिवेतन शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी वेतनावर निघायचं, म्हणजे दोन वेतनवाढी गेल्या त्या कायमच्या. त्यापुढे नव्वदीची वाढ २५ महिने आधी मिळणं, तेही फक्त ३० चे ४० टक्के, म्हणजे काहीच नाही. मी हे सगळं मांडलं.

बाईंनी पणतवाची पाटी घेतली, पुसली आणि दोन रेघा ओढल्या. ‘‘खरं वय सांगितलं असतं तर नोकरीला दोन वर्षं थांबावं लागलं असतं. ती दोन वर्षं मी आधी घेतली. शेवटाला दोन वर्षं आधी उठले. फिटलं. आता त्याच दोन वर्षांचे तिसऱ्यांदा पैसे कसले?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘‘ऐंशीला, पंच्याऐंशीला का नाही कळवलंत?’’ एवढंच विचारलं. ‘‘तेव्हा कागद नव्हता. आईच्या सांगण्यावर सरकारशी कसं बोलायचं?’’

निघताना त्यांनी एक वही दाखवली, खाकी कव्हर घातलेली. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाचा जन्म, आईच्या तोंडून ऐकला तसा लिहिलेला. ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गाय व्याली त्याच रात्री.’ ‘कोयनेच्या भूकंपात ही सहा महिन्यांची पोटात.’ ‘सुकडी मिळू लागली त्या महिन्यात.’ समोरच्या रकान्यात त्यावरून काढलेली तारीख. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, त्यापुढे तीन महिने, म्हणून मार्च १९६८. हीच तारीख शाळेच्या जनरल रजिस्टरला. दुसऱ्या दिवशी वाट वाकडी करून मी त्यांच्या जुन्या शाळेत गेले आणि रजिस्टर पाहिलं. त्यांच्या आधीच्या पानांवर ओळीने १ जून. त्यांच्या अक्षरातल्या पानांवर मला १ जून एकदाच सापडला, आणि वहीत त्या मुलाचा जन्म खरंच त्या दिवशीचा होता. आमच्या तालुक्यातल्या किती जणांना त्या वहीमुळे शेवटचा एक पगार जास्त मिळाला असेल, कोणी मोजलेलं नाही.

टिप्पणी सादर केली. तीन पानं, उंचीचा मुद्दा अधोरेखित करून. आठव्या दिवशी परत आली : ‘जन्मतारखेत बदल नोकरीस लागल्यापासून पाच वर्षांनंतर अनुज्ञेय नाही. वाढ नाकारण्याची नियमात तरतूद नाही. अर्ज दप्तरी दाखल करावा.’ तिसरं पान उलटलेलंसुद्धा नव्हतं, टाचणीची घडी तशीच होती. नियम बरोबर आहे, मी स्वतः तो शंभर वेळा लोकांना सांगितलाय. पण बाईंनी तारीख बदला असं म्हटलंच नव्हतं.

जूनपासून ४० टक्के लागले. बाईंनी निरोप पाठवला, फरक चलनाने भरते, लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशेबातलं खातं, कळव. मी लेखा विभागात विचारलं. न मागता परत येणारं निवृत्तिवेतन जमा करून घ्यायला कुठलं लेखाशीर्ष लावायचं, ते कोणी सांगेना. तसं कळवलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच निरोप.

आता फाइल बंद करायची तर अभिलेखाचा वर्ग लिहावा लागतो. अ म्हणजे कायम, ब ३० वर्षं, क १०, क-१ पाच, आणि ड एक वर्ष, मग नाश. नामंजूर अर्ज ड मध्ये जातात. तसं केलं तर रेघी कागद, नमुना १४ ची नक्कल आणि माझी टिप्पणी वर्षभरात रद्दीला जाईल आणि सेवापुस्तकात १ जून १९३४ तेवढा राहील. अ लिहायचं तर कारण द्यावं लागतं, आणि ‘उंची दोन इंच वाढली’ हे कारण कुठल्या परिपत्रकात बसत नाही. वरिष्ठांनी दोनदा विचारलं. वर्गाचा रकाना अजून मी भरलेला नाही.