हाय-विंग ट्रेनर, नोंद ५ : शेपटीतले चाळीस ग्रॅम

रिमोटवर उडणाऱ्या माझ्या छोट्या हाय-विंग ट्रेनरची, म्हणजे धडाच्या वर पंख असलेल्या शिकाऊ विमानाची, गेल्या तीन आठवड्यांत सात उड्डाणं झाली, पाचव्यापासून अकराव्यापर्यंत. त्यातलं एक वाईट गेलं, आणि त्या एकामुळे विमानाची शेपूट हवेत नेमकं काय करते हे मला पहिल्यांदा नीट उमगलं. त्यामुळे यावेळची नोंद मुख्यतः शेपटीची आहे.

आधीच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी आकडे सांगतो. पंखांची एकूण लांबी १२०० मिमी, कॉर्ड म्हणजे पंखाची रुंदी २०० मिमी. एअरफॉइल, म्हणजे पंखाच्या छेदाचा आकार, क्लार्क-वाय, खालून जवळजवळ सपाट. २२१२ मोटर, १००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे), १०×४.५ चा प्रॉप म्हणजे पंखा, ३० अँपिअरचा ईएससी म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर. बॅटरी थ्री-सेल, २२०० एमएएच, तिचंच वजन १८५ ग्रॅम. उडतं वजन ८०० ग्रॅम. सीजी (गुरुत्वमध्य, म्हणजे विमान जिथे तोलून राहतं तो बिंदू) पंखाच्या पुढच्या कडेपासून ६० मिमीवर, म्हणजे कॉर्डच्या ३० टक्क्यांवर.

पाचव्या उड्डाणानंतर उतरताना आडवी शेपूट बांधाला घासली आणि तिचा डेप्रॉन, म्हणजे हलका फोम, दुमडला. घरी कोरोप्लास्टचा तुकडा पडला होता. जाहिरातीच्या फलकांना वापरतात ती पोकळ नळ्यांची प्लास्टिक शीट. मोडत नाही, वाकत नाही, म्हणून आडवी आणि उभी, दोन्ही शेपट्या त्यातूनच कापल्या. हिंज म्हणजे बिजागऱ्या पक्क्या, हॉर्न म्हणजे हलता भाग ओढणारी तार जोडायचे कान पक्के. पुन्हा तोडावी लागणार नाही अशी शेपूट झाली म्हणून मी खूश होतो.

सहाव्या उड्डाणाला सासवडच्या अलीकडच्या आमच्या नेहमीच्या रानात सकाळी साडेसहाला पोचलो. वारा अजिबात नव्हता. चाकं सुटली आणि नाक वर गेलं. खाली दाबलं तर नको इतकं खाली गेलं. वर ओढलं तर पुन्हा आभाळाकडे. रिमोटची काठी मधे सोडली तरी विमान स्वतःहून सावरत नव्हतं, जिकडे ढकललं तिकडेच आणखी जात होतं. साधारण चाळीस सेकंद झगडलो आणि शेवटी ज्वारीच्या धसकटात उतरलं. प्रॉप तुटला, पुढच्या चाकाची तार वाकली. बाकी सगळं शाबूत.

मैदानावर एक जाणते काका असतात, चाळीसेक वर्षं बाल्साचं हलकं लाकूड कापून विमानं बनवत आलेले. मी विचारलं, “काका, मागच्या खेपेला इतकं शांत उडत होतं. आज काय झालं?” त्यांनी विमान उचललं, दोन्ही पंखांखाली ६० मिमीच्या खुणेवर एकेक बोट ठेवलं आणि हात सैल सोडले. शेपूट धाडकन खाली. “नवीन शेपूट लावल्यावर तोलून बघितलंस का?” नव्हतं बघितलं.

घरी काट्यावर ठेवलं. जुनी डेप्रॉनची शेपूट १५ ग्रॅम होती, कोरोप्लास्टची ५५. फक्त चाळीस ग्रॅमचा फरक, पण तो सीजीपासून जवळपास ४८ सेंमी मागे. ४० गुणिले ४८०, भागिले नवीन वजन ८४०, म्हणजे सीजी २३ मिमी मागे. ६० चा ८३ झाला होता, कॉर्डच्या ४१ टक्क्यांवर.

आता यात बिघडतं काय? मला इतके दिवस वाटायचं की पंख विमानाचं पुढचं वजन उचलतात आणि शेपूट मागचं. तसं नसतं. नेहमीच्या मांडणीत बहुतेक वेळा शेपूट विमानाला खाली दाबत असते. क्लार्क-वायसारखा वक्र पंख मुळातच नाक खाली पाडायला बघतो, वरून सीजी पुढे ठेवलेला. त्या पडत्या नाकाला शेपूट मागून दाब देऊन सावरते. विहिरीवरची पाणी काढायची जुनी ओकती आठवा, मागे दगड बांधलेली. इथे दगडाच्या जागी हवेचा दाब आहे, आणि तो वेगाबरोबर बदलतो. वेग वाढला की शेपटीचा दाब वाढतो, नाक वर येतं, वेग उतरतो. वेग कमी झाला की दाब कमी होतो, नाक झुकतं, वेग परत येतो. आपण काठी सोडून दिली तरी ट्रेनर स्वतःला सावरतो तो असा.

झुळुकेने नाक वर उचललं गेलं तरी शेपूटच कामी येते. पंख आणि शेपूट दोघांचाही हवेशी कोन वाढतो, दोघांचीही उचल वाढते, पण शेपटीचा दांडा, म्हणजे सीजीपासूनचं अंतर, लांब असल्यामुळे ती नाक परत खाली आणते. सीजी मागे सरकत गेला की हा सावरण्याचा जोर कमी होत जातो. एका बिंदूपाशी तो शून्य होतो, त्याला न्यूट्रल पॉइंट म्हणतात. माझ्या मापांना तो ४४ ते ४५ टक्क्यांच्या आसपास येतो. ४१ वर मी अगदी कडेला उभा होतो.

मोठ्या विमानांना हेच गणित लागू असतं. एअरबस ए३३० च्या आडव्या शेपटीत इंधनाची एक टाकी असते. उंचीवर गेल्यावर तिच्यात इंधन पाठवून सीजी मोजून-मापून मागे नेतात, कारण शेपटीने जितकं कमी दाबायचं तितकं पंखाला कमी उचलावं लागतं आणि इंधन वाचतं. जमिनीवरचंही एक उदाहरण आहे. एटीआर ७२ मध्ये प्रवासी मागच्या दाराने चढतात, म्हणून चढ-उतार चालू असताना शेपटीखाली टेकू लावतात. पुढच्या वेळी एटीआरने जाल तेव्हा बघा.

दुरुस्तीचा पहिला विचार सोपा होता, बॅटरी पुढे सरकवायची. हिशेब केला तर २३ मिमी परत आणायला बॅटरी दहा सेंमीहून जास्त पुढे न्यावी लागत होती, आणि फायरवॉलपर्यंत, म्हणजे मोटरमागच्या भिंतीपर्यंत, जागा होती सहा सेंमी. नाकात शिसं भरणं मला पटत नाही. शेपटीतल्या चुकीसाठी सगळ्या विमानाने ओझं का वाहायचं? म्हणून शेपूट पुन्हा डेप्रॉनची केली, आत ३ मिमीची कार्बनची काडी बसवली. २१ ग्रॅम भरली. बॅटरी दीड सेंमी पुढे सरकवली आणि सीजी ६० वर आला.

सातव्या उड्डाणापासून विमान पुन्हा शहाण्यासारखं उडू लागलं, आणि मग बरेच दिवस मनात असलेली एक गोष्ट करून घेतली. डाव्या पंखाच्या वरच्या बाजूला लाल लोकरीचे चार-चार सेंमीचे चोवीस धागे चिकटवले. पंखाच्या मध्यावर, सीजीच्या अगदी जवळ, बाल्साच्या छोट्या उभ्यावर बारका कॅमेरा बसवला.

सरळ उडताना सगळे धागे पाठीवरून चापून मागे पडलेले दिसतात, विंचरल्यासारखे. पंखावरची हवा पृष्ठभागाला धरून वळते आणि मागच्या कडेवरून खाली फेकली जाते. हवेला खाली ढकललं म्हणून पंख वर. शाळेत सांगतात की वरची हवा लांबचा रस्ता कापून खालच्या हवेला गाठायला वेगाने पळते. ते चूक आहे. वरची हवा वेगात जाते हे खरं, पण ती खालच्या हवेला भेटत नाही, तिच्या आधीच मागच्या कडेला पोचते.

मग बऱ्याच उंचीवर मोटर बंद करून एलेव्हेटर, म्हणजे आडव्या शेपटीचा हलता भाग, हळूहळू ओढत गेलो. आधी मुळाजवळचे, म्हणजे पंख धडाला जुळतो तिथले, मागच्या कडेचे तीन-चार धागे थरथरले. पुढच्या क्षणी ते उलटे होऊन चक्क पुढच्या कडेकडे वळले. मुळाशी हवा पंख सोडत होती, आणि टोकाकडचे धागे मात्र अजून सरळ होते. दोनएक सेकंदांनी नाक झुकलं. हा स्टॉल. आयताकृती पंख मुळापासून आधी स्टॉल होतो आणि टोकं, म्हणजे एलेरॉनची (विमान कलवणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांची) जागा, शेवटपर्यंत चालू राहते. नवख्याला ट्रेनर आयताकृती पंखाचाच का द्यावा, याचं एवढं सरळ उत्तर मला दुसरीकडे मिळालं नव्हतं. हिशेबाने स्टॉलचा वेग ताशी २७ किमीच्या आसपास येतो. वळणात तो वाढतो, हे उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणात लक्षात ठेवा. ६० अंश कलवलं तर पंखाला दुप्पट उचलावं लागतं आणि स्टॉलचा वेग ४१ टक्के चढतो.

एलेरॉनचंही एक काम मार्गी लागलं. उजवीकडे कलवताना नाक आधी किंचित डावीकडे जायचं. डावा एलेरॉन खाली जातो, त्या पंखाची उचल वाढते, आणि उचलीसोबत ओढही वाढते. ती ओढच नाकाला त्या बाजूला खेचते. रडर, म्हणजे उभ्या शेपटीचा हलता भाग, हाताने सोबत देता येतो, पण मी डिफरन्शियल लावलं, म्हणजे एलेरॉन वर जास्त आणि खाली कमी जातो असं केलं. दोन्ही एलेरॉनचे सर्व्हो, म्हणजे ते हलवणाऱ्या छोट्या मोटरी, वेगळे असल्याने रिमोटमधूनच झालं. वर १४ मिमी, खाली ८ मिमी. नाक आता सरळ वळणात शिरतं.

मोटरला उजवीकडे दोन अंश तिरकं ठेवलं आहे, ते तसंच. प्रॉपची गोल फिरत मागे येणारी हवा उभ्या शेपटीच्या डाव्या अंगाला आपटते आणि पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे मोटर पूर्ण जोरात असताना, नाक डावीकडे जातं, त्याच्यासाठी ते आहे.

परवाच्या रविवारी अकरावं उड्डाण. सीजी बरोबर आहे का ते बघायला अर्ध्या थ्रॉटलला ट्रिम केलं, म्हणजे काठी न धरता सरळ उडेल असं लावलं, उंचीवरून साधारण ४५ अंशात नाक खाली घातलं आणि काठी सोडली. नाक तसंच खाली जात राहिलं किंवा आणखी घुसलं तर सीजी मागे. झटक्यात वर आलं तर सीजी फार पुढे. माझं विमान आधी तसंच सरळ गेलं, मग वेग वाढला तसं लांब, सावकाश कमान घेत आडवं झालं. काका शेजारी उभे होते. म्हणाले, “आता बॅटरीला हात लावू नकोस.” घरी येऊन बॅटरीच्या जागेवर मार्करने रेघ मारून ठेवली आहे.