अर्लिंग्टनमधला एक शब्द

वॉशिंग्टनचे पहिले तीन दिवस संग्रहालयं पाहण्यात गेले. चौथ्या दिवशी पोटोमॅक नदी ओलांडून अर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत गेलो, ते मात्र मनातून जात नाही.

गर्दी सगळी अनाम सैनिकाच्या समाधीपाशी. पहारेकरी २१ पावलं चालतो, थांबतो, वळतो. लहान मुलंसुद्धा चिडीचूप. तिथून लोक केनेडींच्या कबरीकडे निघाले. मी भाचीला म्हटलं, "आपण आधी २७ नंबरच्या विभागात जाऊ."

"तिकडे काय आहे, मामा?"

"हे सगळं जिथून सुरू झालं, ती जागा."

पेनसिल्व्हेनियाच्या गरीब घरातला शिपाई विल्यम ख्रिस्टमन. १३ मे १८६४ रोजी त्याला इथे पुरलं. ही इथली पहिली लष्करी कबर. तेव्हा अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध चालू होतं. जमीन दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांच्या पत्नीची, माहेरची. ९२ डॉलर ७ सेंट कर भरायला त्या स्वतः आल्या नाहीत म्हणून सरकारने ती घेतली. ली कुटुंब परत राहायला येऊ नये म्हणून उत्तरेच्या सैन्यातले जनरल मेग्ज यांनी त्यांच्या गुलाबाच्या बागेलगत कबरी खणायला लावल्या. पुढे लींचा मुलगा सर्वोच्च न्यायालयात जिंकला आणि १८८३ मध्ये सरकारने दीड लाख डॉलर मोजून हीच जमीन विकत घेतली.

ही गोष्ट सगळे सांगतात. २७ नंबरमध्ये ख्रिस्टमनबरोबर कोण निजलंय, ते कुणी फारसं सांगत नाही. गुलामीतून सुटलेली ३,८०० च्या वर माणसं! काळे सैनिकही आहेत. १९४८ पर्यंत त्यांना गोऱ्यांपासून वेगळंच पुरत. सैनिक नसलेल्या साध्या माणसांच्या पांढऱ्या दगडांवर नाव आणि खाली एकच शब्द. कुठे 'सिव्हिलियन', कुठे 'सिटिझन'. नागरिक.

तो वाचून माझा घसा दाटून आला. काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १८५७ मध्ये सांगितलं होतं. घटनेत तो हक्क आला १८६८ मध्ये. यातले कित्येक त्याआधीच मातीत गेले होते.

पाऊण तास आम्ही तिथे होतो. दुसरं कुणीही फिरकलं नाही, याचं फार वाईट वाटलं. भाची एकेक नाव मोठ्याने वाचत चालली होती. मी घड्याळ दाखवलं, तर म्हणाली, "ही ओळ पुरी होऊ दे."

केनेडींची कबर राहिली. फाटक बंद व्हायची वेळ झाली होती.