‘काया’ आणि ‘काळा’

दिवाळी नुकतीच झाली होती आणि कापसाची वेचणी जोरात होती. त्या दिवसांत पालक गटसाधन केंद्रात, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या आमच्या कार्यालयात, येत नाहीत, रोज बुडतो. म्हणून सकाळी दहालाच एक बाई मुलाचा हात धरून दारात उभी दिसली तेव्हा मला नवल वाटलं. हातातल्या पिशवीत तिने मुलाच्या तीन वर्षांच्या वह्या जपून आणल्या होत्या.

“मना पोऱ्या ढ नही शे, मॅडम,” बसायच्या आधीच ती म्हणाली. “दुकानना हिशोब तोंडी करस. पन पुस्तक हातमा लिधं का रडस.”

मुलगा चौथीतला, नऊ वर्षांचा. मी समावेशित शिक्षणात, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्याच शाळेत शिकवण्याच्या कामात, विशेष शिक्षिका आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बरीचशी ‘लक्ष देत नाही’ असा शिक्का घेऊनच येतात. याच्या प्रगतिपुस्तकावरही तेच होतं.

वह्या उघडल्या. पानापानावर लाल गोल. ‘पाणी’चं ‘पानी’, ‘काळा’चं ‘काया’, ‘डोळा’चं ‘डोया’. प्रत्येक शब्द दहा-दहा वेळा लिहायची शिक्षा. पण या चुका डिस्लेक्सियाच्या, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचताना-लिहिताना येणाऱ्या अडचणीच्या, नाहीतच. घरात अहिराणी ही खानदेशातली बोली बोलणारं मूल ‘डोया’च ऐकतं आणि ‘डोया’च लिहितं, म्हणजे त्याचा कान शाबूत आहे. हे मी ठामपणे सांगते, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी मी स्वतः एका मुलीचं नाव अशाच चुकांवरून डिस्लेक्सियाच्या यादीत घातलं होतं. तिला काहीही झालेलं नव्हतं. तिची बोली वेगळी होती, एवढंच.

या मुलाची खरी अडचण कोणी गोलात न घेतलेल्या जागी होती. एकाच पानावर ‘नदी’ तीन तऱ्हांनी लिहिलेलं: नदी, दनी, नद. ‘भाकर’चं ‘मकर’. ‘दिवस’चं ‘दविस’. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, ही आपल्या लिपीतली गोष्ट अशा मुलांना फार छळते. मी त्याला विचारलं, “‘कापूस’मधला ‘का’ काढून टाकला तर काय राहील?” रोज कापसात वावरणारा मुलगा, तरी बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “कापू.” वाचायला दिलं तर ‘बाजारात’ला पहिलं अक्षर पाहून ‘बाबा’ म्हणाला आणि लगेच आईकडे बघायला लागला.

तेवढ्यावर मी निदान करत नाही, तो माझा अधिकार नाही. आधी डोळे आणि कान तपासायचे, मग जिल्ह्याच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ. पण शाळेत बोलायला तेवढं पुरेसं होतं. दोघांना माझ्या गाडीवर बसवलं आणि दुपारी त्यांच्या गावी गेलो.

“प्रमाणपत्र आणा, मग बघू,” मुख्याध्यापक म्हणाले. हे वाक्य मी इतक्या शाळांत ऐकलंय की आता कायद्याची प्रत पिशवीतच ठेवते. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, त्यात ही मुलं नव्हतीच. २०१६च्या कायद्यात २१ प्रकार झाले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आली; डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो. कलम १६ सांगतं की मुलांमधली अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखायची आणि योग्य ते शैक्षणिक उपाय करायचे. आधी कागद, मग उपाय, असं तिथे कुठेही नाही. प्रमाणपत्र लागतं, दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळवताना तर लागतंच. पण तोवर मुलाने रोज अपमान का सोसायचा?

वर्गशिक्षक वाईट नव्हते, थकलेले होते. मी त्यांच्याकडून परिसर अभ्यासाची झालेली चाचणी मागून घेतली. त्यात या मुलाला वीसपैकी तीन गुण होते. व्हरांड्यात बसून तेच प्रश्न मी त्याला अहिराणीत वाचून दाखवले. काळ्या मातीचा प्रश्न आला तसा तो ताठ बसला. “काई माती पानी धरी ठेवस, म्हनीसन उन्हायामा भेगा पडतस.” शेवटच्या दोन प्रश्नांवर अडला, बाकी सगळे सुटले. सर उभ्या उभ्या ऐकत होते. जरा वेळाने म्हणाले, “हे मी कधी विचारलंच नाही.”

मग आम्ही कागदावर ठरवलं. वर्गासमोर त्याला मोठ्याने वाचायला लावायचं नाही. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायचा नाही. चाचणी तोंडी घ्यायची. फळ्यावरचं उतरवायला शेजारचा मुलगा मदत करील. बोलीतले शब्द चूक म्हणून न खोडता शेजारी पुस्तकातला शब्द लिहायचा. मी दर गुरुवारी येऊन वाळूत अक्षरं गिरवून, शब्दांचे तुकडे टाळ्यांनी मोजून सुरुवात करीन. माझ्याकडे एकटीला न पुरणाऱ्या शाळा आहेत. आठवड्यातला अर्धा तास फार थोडा आहे, हे मला ठाऊक आहे आणि त्याचा मला रागही येतो.

आईने मात्र एकच विचारलं. “कागदवर काय लिखतीन? येडा लिखतीन का?”

“नाही माय,” मी म्हणाले. “बुद्धी चांगली आहे, वाचायची वाट वेगळी आहे, हेच तपासतात.”

सरांनी नोंदवहीत ठरलेलं लिहून सहीसाठी तिच्यापुढे ठेवलं. तिने पेन घेतलं, एकेक अक्षर आठवत सही केली, मध्ये एकदा थांबून काना खोडला. पेन परत देताना हळूच म्हणाली, “मनं बी असंच व्हतं. मी चौथीमाच शाळा सोडी दिधी.”

ही अडचण बऱ्याचदा घराण्यातून उतरते, हे मला पक्कं माहीत आहे. आई-वडिलांच्या वाचनाबद्दलचा रकाना माझ्या नोंदीत पहिल्याच पानावर असतो. सकाळपासून तो कोराच राहिला होता. शाळेच्या ओट्यावर बसून मी वही पुन्हा उघडली आणि तिला शेजारी बसवून घेतलं.