डीव्हीडी वाचणारा, पण सीडी न वाचणारा ड्राइव्ह

मे महिन्यातल्या एका दुपारी, उन्हामुळे सोलापूरच्या नवी पेठेत चिटपाखरू नसताना, अक्कलकोट रोडकडचे एक चादर कारखानदार संगणकाचा कॅबिनेट रिक्षात घालून माझ्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात आले. बरोबर सीडींनी भरलेली एक कापडी पिशवी होती. घरी तेलुगू बोलणारे, पण मराठी अस्सल सोलापुरी. त्यामुळे ते अण्णा आणि मी ताई, हे नाते पहिल्या पाच मिनिटांतच ठरून गेले. पिशवी टेबलावर ठेवत ते म्हणाले, “ताई, सगळ्या सीडी मेल्यात म्हणून सांगितलंय. तुम्ही एकदा बघा, मग टाकून देतो.”

पिशवीत 23 सीडी होत्या आणि सगळ्या 2004 ते 2008 या काळात लिहिलेल्या. अण्णांच्या कारखान्यातल्या जेकार्ड चादरींची डिझाइने त्यांत होती. ज्यांनी ती काढली ते डिझाइनर आता हयात नाहीत. मागावर चढवायची भोके पाडलेली जुनी कार्डे एका पावसाळ्यात गच्चीवरच्या खोलीत भिजून गेली होती. आता एका जुन्या गिऱ्हाइकाने मोराच्या चादरीची मागणी पुन्हा केली होती आणि त्या मोराचे डिझाइन या पिशवीखेरीज दुसरीकडे कुठेही नव्हते.

आधीच्या दुरुस्तीवाल्याने काय केले, हे मी बारकाईने विचारून घेतले, कारण निम्मे निदान तिथेच होते. त्याने ड्राइव्हमध्ये चित्रपटाची डीव्हीडी घातली आणि ती लगेच चालली. मग त्याने अण्णांच्या चार-पाच सीडी घातल्या, त्यांतली एकही उघडली नाही. विंडोज नव्याने टाकूनही तेच झाले. तेव्हा ड्राइव्ह चांगला आहे आणि सीडी खराब आहेत, असा निष्कर्ष त्याने काढला. हा तर्क ऐकायला बिनचूक वाटतो आणि मीही धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत तो केला असता. पण ज्याला आपण एक ड्राइव्ह म्हणतो, त्याच्या पोटात दोन वेगळे लेझर असतात. सीडीसाठी 780 नॅनोमीटरचा अवरक्त लेझर आणि डीव्हीडीसाठी 650 नॅनोमीटरचा लाल लेझर, दोन्ही बहुधा एकाच भिंगातून बाहेर पडतात. त्यांपैकी एक निकामी झाला तरी दुसरा बिनतक्रार काम करत राहतो. म्हणून डीव्हीडी चालली याचा अर्थ फक्त लाल लेझर ठीक आहे एवढाच होतो. सीडीच्या प्रकृतीबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

माझ्या टेबलाच्या खणात चार तबकड्या कायम असतात: कारखान्यात छापलेली गाण्यांची सीडी, घरी लिहिलेली सीडी-आर, पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू आणि एक डीव्हीडी. ड्राइव्हची तक्रार आली की झाकण उघडण्याआधी मी या चारही त्यात घालते आणि कान लावून ऐकते. डीव्हीडी घातल्यावर ती घुमली आणि काही क्षणांत यादी दिसली. सीडी-आर घातल्यावर मात्र भिंग वर-खाली होण्याचा बारीक टकटक आवाज तीन-चार वेळा आला, तबकडीने अर्धवट गिरकी घेतली आणि मग सगळे शांत झाले. भिंगाला तबकडीचा चकाकता थर सापडलाच नाही, म्हणून मोटरने पुढे फिरवायचे नाकारले, असा त्या आवाजाचा अर्थ आहे. सीडी-आरडब्ल्यूचेही तसेच झाले. छापलेली सीडी बऱ्याच धडपडीनंतर एकदा उघडली, दुसऱ्या खेपेस नाही. हा क्रम फार बोलका होता. छापलेल्या सीडीवरून प्रकाश भरपूर परततो, सीडी-आरवरून थोडा कमी आणि सीडी-आरडब्ल्यूवरून जेमतेम 15 ते 25 टक्के. अवरक्त लेझर दुबळा होत गेला की आधी सीडी-आरडब्ल्यू, मग सीडी-आर आणि शेवटी छापलेली सीडी, अशा ओळीने दृष्टी जाते.

तरीही ड्राइव्ह उघडून पाहिल्याशिवाय लेझरवर ठपका ठेवायचा नाही, असा माझा नियम आहे आणि सोलापुरात तर तो पाळायलाच हवा. यंत्रमागाच्या कारखान्यात हवेत कापसाचे तंतू सतत तरंगत असतात. कॅबिनेटचा पंखा हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा फटींतून आत येते आणि ड्राइव्हच्या ट्रेची फट ही त्यांतलीच एक. वीज काढून, टाचणीने ट्रे बाहेर ओढून, चार स्क्रू सोडवून पत्र्याचे झाकण उचलले, तेव्हा आत पांढऱ्या कापसाची एक पातळ चादरच पसरलेली होती. भिंगाच्या कडेला एक तंतू अडकला होता आणि ज्या दांड्यांवरून लेझरचा गाडा सरकतो, त्यांच्यावरचे ग्रीस तंतूंसह वाळून मेणासारखे झाले होते. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकच थेंब घेऊन, भिंगावर भार न देता, मी ते पुसले. ते भिंग नाजूक तारांवर लोंबकळत असते; जोर लावला तर तारा वाकतात आणि मग कोणताही उपाय चालत नाही. दांड्या साफ करून नवे ग्रीस नखावर मावेल एवढेच लावले.

ड्राइव्ह पुन्हा जोडल्यावर छापलेली सीडी पहिल्या प्रयत्नात उघडली. अण्णा खुर्चीतून उठलेच. परंतु त्यांची पहिली सीडी घातली आणि पुन्हा तोच टकटक आवाज आला, पुन्हा तीच शांतता. धूळ हे अर्धे कारण होते; उरलेले अर्धे लेझरच्या वयाचे होते आणि ते पुसून जाणारे नव्हते.

मग मी माळ्यावरून एक जुना सीडी रायटर काढला. तो केवळ सीडीचा, डीव्हीडी न ओळखणारा, रुंद आयडीई केबलच्या जमान्यातला. असे ड्राइव्ह भंगारात जाताना पाहिले की मला वाईट वाटते, आणि म्हणूनच दोन मी ठेवून दिले आहेत. मागची जोडणी बदलणारी छोटी टोपी, म्हणजे जंपर, ‘मास्टर’वर केली, कारण यूएसबी अडॅप्टरला बहुधा तोच लागतो, वेगळी वीज दिली आणि अण्णांची पहिली सीडी आत सरकवली. दिवा लुकलुकला, मोटरने सूर धरला आणि पडद्यावर फाइलींची यादी आली. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त टेबलाची कड घट्ट धरून उभे राहिले.

पुढचे तीन तास एकेक सीडी नक्कल करण्यात गेले. ज्या अडखळल्या त्यांना वेग 4 पटीवर आणला, कारण 52 पट वेगाने फिरताना जरासा वाकडेपणाही भिंगाला सांभाळता येत नाही. सीडी पुसताना नेहमी मधून कडेकडे सरळ पुसली. गोल पुसले तर चरा सीडीवरच्या मजकुराच्या गोल रेषेबरोबर धावतो आणि चूक दुरुस्त करणाऱ्या सांकेतिक मजकुराचा सलग मोठा भाग एकदम नष्ट होतो; आडवा चरा मात्र त्याला बहुतेक वेळा सावरता येतो.

शेवटची उरली ती मोराची सीडी. तिच्यावरचा कागदी लेबल आधीच्या दुकानात ‘बघू या’ म्हणून सोलला होता. हे पाहून मला खरोखर राग आला. लोकांना वाटते की सीडीची जपायची बाजू खालची, चकाकणारी. वस्तुतः खाली सुमारे 1.2 मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक असते आणि मजकूर व चकाकणारा धातू असतो तो वर, लेबलच्या लगेच खाली, केवळ लाखेच्या एका पातळ थराआड. लेबल ओढला की धातूही त्याच्याबरोबर निघून येतो. मी ती सीडी ट्यूबलाइटसमोर धरली, तेव्हा कडेला बोटाच्या पेराएवढ्या जागेतून उजेड आरपार येत होता.

अण्णांनी ते पाहिले आणि खाली बसले. मी मात्र सीडी उलटी करून तिरक्या उजेडात धरली. खालच्या बाजूला मधल्या भोकाभोवती थोडा गडद पट्टा दिसत होता, साधारण निम्म्या रुंदीपर्यंत, आणि त्यापलीकडे फिका, कोरा भाग. सीडी मधून बाहेर लिहिली जाते. हे डिझाइन लिहिणाऱ्याने निम्मीच तबकडी भरली होती आणि सोललेली जागा त्या कोऱ्या कडेत येत होती.

“अण्णा, मोर आत आहे,” मी म्हणाले. “फाटलंय ते मोकळ्या जागेत.”

वेग सर्वांत कमी ठेवून, बिघडलेल्या जागा मागे ठेवत आधी चांगल्या उचलणाऱ्या डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने मी तिची पूर्ण प्रत काढली. चाळीस मिनिटे लागली आणि आतला पट्टा एकाही चुकीशिवाय आला. फाइल उघडली तेव्हा पडद्यावर चौकोनी ठिपक्यांचा मोर उभा राहिला. त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे मागावर एक धागा वर उचलायचा की खाली ठेवायचा, याची खूण. अण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि शेपटीतल्या डोळ्यांवर बोट ठेवून ते तेलुगूत हळू मोजू लागले. एकवीस झाल्यावर थांबले. “पूर्ण आहे, ताई,” ते म्हणाले.

दोन पेन ड्राइव्हवर सगळ्या सीडींच्या प्रती दिल्या, एक कारखान्यासाठी आणि एक घरातल्या कपाटासाठी. त्यांचा डीव्हीडी ड्राइव्ह पुन्हा कॅबिनेटमध्ये बसवून दिला, कारण डीव्हीडीसाठी तो अजून चांगला होता, आणि त्याच्या तोंडावर मार्करने लिहिले: ‘फक्त डीव्हीडी. सीडी वाचत नाही, दोष सीडीचा नव्हे.’