तेरजवळच्या वाड्यातील दोन दिवस

धाराशिवपासून साधारण २० किलोमीटरवर असलेल्या तेरच्या पंचक्रोशीत माझ्या मित्राच्या मामांचा जुना वाडा पाडून नवे घर बांधायचे ठरले होते. माती उचलली जाण्यापूर्वी तेथे धातुशोधक यंत्र फिरवून पाहण्यास मामांनी होकार दिला, म्हणून आम्ही दोघे दिवाळीनंतरच्या आठवड्यात दोन दिवस तेथे गेलो. हा हंगाम मुद्दाम निवडला होता, कारण पावसाळ्यात काळी माती बुटाला सोडत नाही आणि उन्हाळ्यात जमिनीत खुरपे शिरत नाही.

पहिला दिवस वाया गेला, आणि त्यात दोष आमचाच होता. चौकात यंत्र पावलोपावली वाजत होते आणि हाती खिळे, बैलांचे नाल, कोयंड्यांचे तुकडे व बाटल्यांची झाकणे येत होती. संध्याकाळी चहा देताना मामी म्हणाल्या, "अहो, चौकात कोण पैसे सांडतं? सासूबाईंची चिल्लर पडायची ती बळदाच्या तोंडाशी, धान्य मोजून देताना." दुसऱ्या दिवशी सकाळी तासाभरातच बळदाशेजारी, म्हणजे धान्याच्या कोठाराशेजारी, चार बोटे खोलीवर दोन ढब्बू पैसे, झिजून पार गुळगुळीत झालेले, आणि चांदीची एक पावली, म्हणजे पाव रुपयाचे नाणे, मिळाली. यंत्राआधी घरातील वडीलधाऱ्या बायकांना विचारावे, हा धडा आम्ही एक दिवस घालवून शिकलो.

पावलीवर चारमिनार होता. निजामाच्या अशा नाण्यांत चारमिनारच्या कमानीतील उर्दू अक्षर पाहावे: ‘मीम’ असेल तर महबूब अली खान, ‘ऐन’ असेल तर १९११ साली गादीवर आलेले मीर उस्मान अली खान. आमच्या पावलीवर ‘ऐन’ होता. सन हिजरी असतो, त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास येतो, म्हणजे १३४२ हे साधारण १९२३-२४ होय. आमच्या नाण्यावरील सनाचे १३४ एवढेच आकडे वाचता येत होते, शेवटचा झिजलेला होता, त्यामुळे १९२१ ते १९३१ एवढेच सांगता आले.

दुपारपर्यंत वाड्यात बघ्यांची गर्दी झाली. एका आजोबांनी तर पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला, माणूस आणून त्याच्या डोळ्यांत अंजन घालण्याचा सल्ला दिला; अशा माणसाला जमिनीतले धन दिसते अशी समजूत आहे. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांना हसत हसत सांगावे लागले. दुसरा कायदा मात्र शोधणाऱ्यानेच लक्षात ठेवायचा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, १० रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. १०० वर्षांहून जुनी नाणी व वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. मालकाची परवानगी लेखी घ्यावी आणि सापडलेले कोणाकडे राहील तेही त्यातच लिहावे. मामा नात्यातले होते, तरी आम्ही तसे केले.

परतताना तेरला थांबलो. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक व्यापारी प्रवासग्रंथात तगर म्हणून उल्लेखलेली ही सातवाहनकालीन बाजारपेठ, येथे गावाभोवतीच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांवर यंत्र पिशवीतून बाहेरही काढू नये. तेथील नाणे कोणत्या थरात, कोणत्या खापरासोबत होते, हीच त्याची खरी माहिती असते आणि खुरप्याच्या एका घावाने ती कायमची जाते. ज्याला हात शिवशिवतात त्याने लामतुरे संग्रहालयात जावे. इटलीतील पाँपेई या प्राचीन रोमन शहरात सापडलेल्या मूर्तीशी नाते सांगणारी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आम्ही तेथेच पाहिली.

निघण्यापूर्वी मामींनी पावली उजळायला चिंच भिजत घातली होती. ती वेळीच थांबवली. नाणे घासू नये, चिंच किंवा लिंबू लावू नये, माती सुटी असेल तर मऊ कुंचल्याने झटकून कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे आणि पाकिटावर जागा, खोली व तारीख लिहावी. सातवाहनांची शिशाची नाणी तर आम्लाने पांढरी पडून भुसभुशीत होतात, म्हणून ती आम्लाची वाफ सोडणाऱ्या लाकडी पेटीतही ठेवू नयेत.