सर्वांत मोठा वाटा घरातल्या हवेचा

किरणोत्सर्ग म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अणुभट्टी उभी राहते. प्रत्यक्षात जगातल्या प्रत्येक माणसाला निसर्गाकडूनच वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट (शरीरावरील किरणोत्सर्गाचा परिणाम मोजण्याचे एकक) इतकी किरणोत्सर्गाची मात्रा मिळत असते, आणि सुरळीत चालणाऱ्या अणुभट्ट्यांमुळे त्यात पडणारी भर नगण्य असते. यातला काही भाग अवकाशातून येतो. भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये बलूनमधून पाच किलोमीटरहून अधिक उंची गाठली, तेव्हा वर जाताना हा किरणोत्सर्ग वाढत जातो, हे त्यांच्या उपकरणांनी दाखवून दिले. काही भाग खडक आणि माती यांतून येतो, तर काही आपल्या शरीरातूनच: स्नायूंना आणि मज्जातंतूंना आवश्यक असलेल्या पोटॅशियमचा अगदी अल्प अंश किरणोत्सारी असल्यामुळे प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला त्याच्या सुमारे चार हजार अणूंचे विघटन होत असते. शरीर पोटॅशियमचे प्रमाण स्वतःच राखत असल्याने त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

मला खरी काळजी वाटते ती रेडॉन या किरणोत्सारी वायूची, कारण वरच्या सरासरीतला जवळपास अर्धा वाटा एकट्या त्याचा आहे आणि तरीही त्याच्याविषयी फारसे बोलले जात नाही. जमिनीतल्या युरेनियमचे टप्प्याटप्प्याने विघटन होताना रेडियम आणि त्यापासून रेडॉन तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. वायू असल्यामुळे तो मातीच्या कणांमधून वाट काढत जोत्यातल्या भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून घरात शिरतो आणि बंद खोल्यांत साठतो. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्म्या अणूंचे विघटन होण्याचा काळ, ३.८ दिवसांचे आहे. पण खरी इजा करतात ते त्याच्यापासून निर्माण होणारे पोलोनियमचे अणू, जे हवेतल्या धुळीला चिकटून श्वासावाटे फुप्फुसांत जातात आणि तिथल्या पेशींवर अगदी जवळून अल्फा कणांचा, म्हणजे विघटनातून वेगाने बाहेर पडणाऱ्या जड कणांचा, मारा करतात. हेच अल्फा कण बाहेरून आले असते, तर त्वचेच्या मृत थरातच अडले असते.

१९८४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लिमरिक अणुवीज प्रकल्पावरील एका अभियंत्यामुळे तिथली तपासणी यंत्रे वारंवार वाजू लागली. प्रकल्पात अद्याप वीजनिर्मिती सुरूही झाली नव्हती. शोध घेतल्यावर उलगडा झाला, की किरणोत्सारी कण तो घरून अंगावर घेऊन येत होता. त्याच्या घरात रेडॉनचे प्रमाण प्रचंड होते.

जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी दर घनमीटरला १०० बेकरेल (म्हणजे सेकंदाला १०० अणूंचे विघटन) ही संदर्भ पातळी सुचवली आहे. मोजणीसाठी प्लॅस्टिकची छोटी पट्टी असलेली डबी काही महिने खोलीत ठेवतात आणि अल्फा कणांनी त्या पट्टीवर उमटवलेल्या खुणा नंतर प्रयोगशाळेत मोजतात. प्रमाण जास्त निघाल्यास भेगा बुजवणे, हवा खेळती ठेवणे आणि जमिनीखालची हवा पंख्याच्या साहाय्याने नळीतून छपरावर सोडणे हे उपाय आहेत. घरात कोणी धूम्रपान करत असेल, तर मोजणी मुळीच टाळू नये, कारण धूम्रपान आणि रेडॉन यांच्या एकत्रित परिणामाने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो.