घर जर्मनीत, नोकरी बाझलला: जी परमिटचा माझा अनुभव

स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या औषध कंपन्यांतले पगार ऐकून जर्मनीतले मराठी मित्र विचारतात, सीमेपलीकडे नोकरी कशी मिळवलीस? नोकरी एक वेळ मिळते. मला खरं झटावं लागलं ते जी परमिटसाठी, म्हणजे जर्मनीत राहून स्वित्झर्लंडमध्ये कामाला जाण्याच्या परवान्यासाठी.

जर्मन सहकाऱ्यांना तो सहज मिळतो. स्वित्झर्लंड आणि युरोपीय संघ यांच्यात २००२ पासून मुक्त संचाराचा करार लागू आहे, त्याचा हा फायदा. भारतीय पासपोर्टवर तो चालत नाही. आपल्याला शेजारच्या देशात कायम वास्तव्याचा हक्क लागतो आणि सीमेलगतच्या पट्ट्यात किमान ६ महिने राहिलेलं असावं लागतं. नुसत्या ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या मुदतीच्या परवान्यावर, भागत नाही.

मी तेव्हा श्टुटगार्टला होतो. ब्लू कार्डवर २१ महिने भरले आणि बी-१ पातळीचं जर्मन येत असेल, तर कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. ते कार्ड हातात आल्यावर आम्ही बाझलला लागून असलेल्या वाइल आम राइन या जर्मन गावात भाड्यानं घर घेतलं. बाझलची ८ नंबरची ट्राम २०१४ पासून थेट या गावात येते. जुन्या कंपनीनं घरून काम करू दिलं म्हणून ते सहा महिने निभावले. पत्ता नोंदवल्याचा नगरपालिकेचा कागद जपून ठेवा. सहा महिने मोजताना तोच पुरावा.

एका कंपनीच्या एचआरनं 'भारतीयांना कोटा लागतो' एवढं सांगून विषय संपवला. नेहमीच्या परवान्याला कोटा, म्हणजे वर्षाला ठरावीक संख्येची मर्यादा, असतो हे खरं, पण सीमेपलीकडून ये-जा करणाऱ्यांना तो लागत नाही. स्विस परकीय नागरिक कायद्याच्या २५व्या कलमात तसं स्पष्ट लिहिलंय. पुढच्या मुलाखतीला मी ते कलम छापूनच नेलं. तिथल्या बाईंनी ते शांतपणे वाचलं, प्रत मागून घेतली आणि कँटनकडे, म्हणजे तिथल्या राज्य सरकारकडे, अर्ज कंपनीनंच केला. या कामाला स्थानिक किंवा युरोपीय माणूस मिळाला नाही, हेही कंपनीला दाखवावं लागलं. परमिट पहिल्यांदा वर्षाचं मिळतं, आणि आठवड्यातून एकदा तरी घरी परतण्याची अट असते. मला ही अट रास्त वाटते. सीमेपलीकडे कमावणारा माणूस अलीकडच्या गावात खरोखर नांदला, तरच गावाला त्याचा उपयोग.

कराची वाटणीही मला म्हणूनच पटते. जर्मन कर कार्यालयाकडून ग्रे-१ हा रहिवासाचा फॉर्म शिक्का मारून घेऊन कंपनीला दिला, की स्वित्झर्लंड पगारातून जास्तीत जास्त ४.५ टक्के कर कापतं. बाकीचा कर जर्मनी घेतं आणि तिकडे कापलेला वजा करतं. फॉर्म वेळेत पोचला नाही, तर पूर्ण स्विस कर कापला जातो. कामानिमित्त वर्षात ६० पेक्षा जास्त दिवस घरी परतता आलं नाही, तरी ही सवलत जाते. फिरतीची नोकरी असेल तर हिशोब ठेवा.

पैसा उलट दिशेनंही वाहतो. शनिवारी ट्राम भरभरून बाझलकर वाइलला खरेदीला येतात. जर्मन व्हॅट परत मिळावा म्हणून हिरव्या चिठ्ठ्या घेऊन कस्टमच्या खिडकीशी रांग लावतात. आमच्या छोट्या गावातली एवढी दुकानं त्यांच्यावरच चालतात.

आणि पहिला भरघोस पगार पाहून हुरळून जाऊ नका. पहिलं विवरणपत्र भरलं की जर्मन कर कार्यालय दर तिमाहीला आगाऊ कर मागतं: १० मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. मी दर महिन्याला तेवढे पैसे वेगळ्या खात्यात टाकतो.